साथ येण्याआधीची मशागत



शेतकी विभागाच्या या पानावर आपण आजवर बेणेप्रक्रिया, पाचट कुजविणे, हुमणीचा बंदोबस्त, तोडणी कार्यक्रम असे विषय अभ्यासले. या खेपेचा विषय थोडा निराळा आहे. साथीचा रोग किंवा आरोग्याचे एखादे मोठे संकट आले, तर आपले घर, आपली वस्ती आणि आपल्या फडात आलेली टोळी यांची तयारी काय आहे, याचा हा पाठ आहे.

कोणी म्हणेल, ऊस विकास अधिकाऱ्याने आरोग्यावर कशाला लिहावे? आम्ही डॉक्टर नव्हे, शेतकी पदविकेची माणसे आहोत. रोगाला औषध कोणते द्यायचे हे डॉक्टरांनीच सांगावे, आम्ही सांगणार नाही. पण रोग येण्याआधी रान कसे तयार ठेवायचे, हे तर आपले रोजचेच काम आहे. हंगाम सुरू होण्याआधी आपण करार करतो, रस्त्यावर मुरूम टाकतो, वजनकाटा तपासून घेतो, बैलांना पत्री मारतो. पण टोळी ज्या टाकीचे पाणी पिणार, ती टाकी कोणी आतून घासली का? हा प्रश्न गटसभेत निघाल्याचे आम्हाला तरी आठवत नाही. तो निघावा म्हणून हा लेख.

१. पिकाची साथ आणि माणसाची साथ

सन २००२ मध्ये उसावर लोकरी मावा आला, तो जुन्या सभासदांना आठवत असेल. पानाखाली पांढरी लोकर, पानावर काळी बुरशी, आणि बघता बघता फडच्या फड पांढरे. तेव्हा आपण एक गोष्ट शिकलो. पहिले पांढरे पान दिसले त्या दिवशी खबर दिली, तर काम एका कोपऱ्याचे असते. शेजाऱ्याला कळेल, नाव खराब होईल म्हणून गप्प बसलो, तर काम अख्ख्या शिवाराचे होते.

काणीचेही तसेच. काणीचा चाबूक दिसला की आपण तो झटकत नाही. आधी पोत्याने झाकतो, मग बेट उपटतो आणि जाळून टाकतो. का? तर भुकटी उडाली की ती शेजारच्या बेटावर बसते. जुलाब-उलटीच्या रोग्याची घाण ओढ्याला धुणे म्हणजे काणीचा चाबूक वाऱ्यावर झटकण्यासारखेच आहे.

माणसाच्या साथीतही तीनच प्रश्न विचारायचे: रोग कशातून पसरतो, पहिली खूण कोणती, आणि खबर कोणाला द्यायची. गॅस्ट्रो, कॉलरा, कावीळ आणि विषमज्वर हे बहुतेक करून पाण्या-अन्नातून पसरतात. डेंग्यू आणि हिवताप डासांतून येतात. इन्फ्लुएंझा, गोवर आणि कोविड श्वासावाटे पसरतात. उंदीरताप, म्हणजे लेप्टो, उंदराच्या व जनावरांच्या मुतातून, ओल्या चिखलातून पायाच्या जखमेवाटे शिरतो. वाट कळली की ती अडविता येते. वाट कळली नाही तर मग उतारे आणि गंडे सुरू होतात.

२. मागच्या साथींनी काय शिकविले

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेगचा रोगी डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्रथम ओळखला. पुढे प्लेग पुण्याला आणि गावोगाव पोचला. १८९७ साली साथरोगाचा कायदा झाला तो याच प्लेगापायी. त्याच वर्षी १० मार्च रोजी पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. "प्लेगात गाव बाहेर पडलं होतं" असे आपल्या आज्या-पणज्या सांगत. घरात उंदीर पटापट मरू लागले की लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहत. त्यांना जंतू माहीत नव्हता, पण पहिली खूण ओळखता येत होती. जनावरात मर दिसली तर आपण सावध व्हायचे, हा धडा आजही खरा आहे. २००६ साली नवापूर भागात कोंबड्यांचा बर्ड फ्लू आला, तेव्हाही पहिली खबर कोंबड्यांच्या मरतुकीचीच होती.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. त्याच साली पाऊसही दगा देऊन गेला. साथ आणि टंचाई एकत्र आली की गरीब आधी जातो, हे तेव्हा दिसले.

तिसरा धडा १९७१ चा आहे आणि तो आपल्या धंद्याच्या अगदी जवळचा आहे. बांगलादेशच्या लढ्यात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि सोडा पाण्यात कालवून पिंपांत भरून ठेवले, आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच ते पेल्याने पाजायला लावले. छावणीत शंभरातले तीसेक रोगी मरत होते, तो आकडा चारच्याही खाली आला. डॉ. महालनबीस २०२२ साली वारले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

यातले शास्त्र असे. जुलाबात आतडे नुसते पाणी नीट शोषत नाही, आणि नुसते मीठही शोषत नाही. पण ग्लुकोज आणि मीठ एकत्र गेले की दोन्ही जोडीने आत शिरतात आणि पाण्याला बरोबर ओढून नेतात. साखर पोटात गेली की तिचे ग्लुकोज सुटते. म्हणजे आपण जी साखर पोत्याने काढतो, तिचे सहा चमचे वेळेवर मिळाले तर एक लेकरू वाचू शकते. साखरेला याहून मोठा भाव कोणता?

चौथा धडा ताजा आहे. २०२० साली हंगाम संपत आला असताना २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली आणि ऊसतोड मजूर ठिकठिकाणच्या कारखान्यांच्या तळांवर अडकले. एप्रिलचा मध्य उलटल्यावर शासनाने तपासणी करून त्यांना गावी जाऊ देण्याचा निर्णय घेतला. तोवर शिधा, पाणी, बैलांची वैरण हा सारा प्रश्न तळावरच सोडवावा लागला. अनेक गावांनी वेशीवर काटेरी फांद्या टाकल्या, पण म्हातारीची बीपीची गोळी कोण आणणार हे ठरविले नाही. काही कारखान्यांनी आपल्या अल्कोहोलपासून सॅनिटायझर तयार करून दिले. जिथे याद्या तयार होत्या तिथे काम उरकले, जिथे नव्हत्या तिथे नुसती पळापळ झाली.

३. घराची तयारी

प्रत्येक घरात एक जाड पिशवी खुंटीला अडकवून ठेवावी. ती घरातल्या पोरासोरांनाही माहीत असावी. तिच्यात पुढील वस्तू असाव्यात.

(अ) ओआरएसची किमान पाच पाकिटे. पाकीट किती पाण्यासाठी आहे ते वाचून घ्यावे. एक लिटरचे असते तसे पेलाभर पाण्याचे लहानही असते.
(आ) तापमापी, पॅरासिटामॉलच्या गोळ्या, साबण, स्वच्छ कापड, बँडेज.
(इ) घरात कोणाला रक्तदाब, साखर, दमा, क्षय, फिट यांची औषधे चालू असतील, तर किमान दोन आठवड्यांचा साठा आणि डॉक्टरांची चिठ्ठी.
(ई) लहान मुलांची लसीकरणाची कार्डे, गरोदर बाईचे कार्ड, आधार व आरोग्य योजनेच्या कागदांच्या प्रती, प्लास्टिकच्या पिशवीत.
(उ) बॅटरी, काडेपेटी, आणि कागदावर लिहिलेले फोन नंबर. मोबाईल उतरला की त्यातले नंबरही बुडाले, म्हणून कागद.

रुग्णवाहिकेसाठी १०८ हा नंबर राज्यात २०१४ पासून चालू आहे. गरोदर बाई व तान्ह्या बाळासाठी १०२ आहे. फोन करताना गावाचे नाव सांगून थांबू नये. कोणता फाटा, कोणते देऊळ, डीपीपासून किती अंतर, हे सांगावे. मळ्यात राहणाऱ्यांनी हा पत्ता आधीच लिहून भिंतीला लावावा. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा मळाही सांगता येत नाही, बरं का!

पाकीट नसेल तर मीठ-साखरेचे पाणी कसे करावे, हे घरातल्या प्रत्येकाला आले पाहिजे. एक लिटर स्वच्छ, उकळून गार केलेले पाणी घ्या. त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चमचा शिगोशीग भरू नये, वरून बोटाने सपाट करावा. मीठ जास्त झाले तर लेकराला अपाय होतो. साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात. सवलतीची साखर घरात आहे म्हणून मूठ सैल सोडू नका. पाणी चाखून पाहावे, डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागले तर ओतून द्यावे. तयार केलेले पाणी चोवीस तासांनंतर वापरू नये.

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा पेला, त्याहून मोठ्या मुलाला अर्धा ते एक पेला, आणि मोठ्या माणसाला मागेल तितके द्यावे. पेला म्हणजे २०० मिलिलिटरचा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करावे. अंगावरचे दूध बंद करू नये. जेवणही तोडू नये. मुलांना जुलाबात झिंकच्या गोळ्या चौदा दिवस देतात. त्या आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात मिळतात, वयाप्रमाणे किती ते त्यांनाच विचारावे.

आणि या खुणा दिसल्या तर घरी थांबू नये: डोळे खोल गेले, रडताना पाणी येत नाही, लघवी कमी झाली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू बसते, मूल पेंगते, पाणी पीत नाही, किंवा शौचात रक्त आहे. कॉलराच्या जोरकस हल्ल्यात काही तासांत माणूस जाऊ शकतो. दवाखान्याच्या वाटेवरही मीठ-साखरेचे पाणी पाजत राहावे.

४. पाण्याची तयारी

विहिरीत चिमूटभर ब्लीचिंग पावडर टाकून "औषध टाकलं" म्हणणे ही निव्वळ समजूत घालणे आहे. आपण खताचा डोस एकरावर काढतो, तसाच हा डोस पाण्यावर काढायचा.

गोल विहिरीचे पाणी मोजण्याची रीत अशी: व्यास गुणिले व्यास गुणिले ३.१४ गुणिले पाण्याची खोली, भागिले चार. सारी मापे मीटरमध्ये. उत्तर घनमीटरमध्ये येते, आणि एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. समजा व्यास ६ मीटर आणि पाणी ४ मीटर आहे. ६ × ६ × ३.१४ × ४ ÷ ४ = ११३ घनमीटर, म्हणजे १ लाख १३ हजार लिटर. चांगल्या प्रतीची ताजी पावडर असेल तर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम लागते. म्हणजे या विहिरीला सुमारे २८० ग्रॅम पाहिजे. पाणी गढूळ असेल किंवा साथ चालू असेल तर जास्त लागते. ते प्रमाण आरोग्य सेवकाकडून ठरवून घ्यावे.

पावडर कोरडी टाकू नये. बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करावा, मग पाणी वाढवून ढवळावे. दहा मिनिटांनी गाळ खाली बसतो. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडावी आणि दोराने वरखाली हलवावी. गाळ विहिरीत टाकू नये. तासभर उपसा बंद ठेवावा. मग ओटी चाचणी करावी. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन उरला आहे. रंग आला नाही, तर डोस कमी पडला. ही चाचणी टाकीशी करून भागत नाही, शेवटच्या नळाला करायची. पाटाच्या पाण्यात शेवटच्या वाफ्याचे जे होते तेच इथेही होते.

पावडर हवाबंद, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवावी. तोंड उघडे राहिलेल्या गोणीतला क्लोरीन उडून जातो आणि उरतो नुसता चुना. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात दोन वर्षे पडलेल्या गोणीवर विसंबू नये.

५. टोळीची आणि तळाची तयारी

आता जरा स्पष्ट बोलतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव या बाजूंनी टोळ्या येतात. पाच-सहा महिने त्यांचे बिऱ्हाड पालात. बाई पहाटे अंधारात फडात, तान्हे मूल उसाच्या सावलीत. ते पाणी कोणते पितात? फडाशेजारचे. कधी पाटाचे, कधी विहिरीचे, आणि कधी ठिबकच्या नळीचे. ठिबकातून आपण युरिया, फॉस्फरिक ॲसिड सोडतो. तणनाशकाचे रिकामे कॅन धुऊन पाण्याला वापरलेले आम्ही अनेक फडांवर पाहिले आहेत. हे कॅन आपल्याच बांधावर पडलेले असतात. ते भोक पाडून निकामी करणे आणि कोणाच्या हाती लागू न देणे, ही शेतकऱ्याची जबाबदारी आहे.

दुसरी गोष्ट खाड्याची. कोयता एक दिवस थांबला की खाडा लागतो, उचलीतून पैसे कापले जातात. म्हणून मुलाला जुलाब लागले तरी आई फडात जाते. दुपारी परत येते तेव्हा मूल पेंगलेले असते. इथे सभासदाचा एक शब्द फार मोलाचा ठरतो. "आज तू पालावरच थांब, लेकराला पाणी पाज, खाडा धरणार नाही," असे मुकादमाला सांगून पाहा. उभा ऊस दोन दिवस थांबतो. तोडलेला ऊस थांबत नाही, वजन आणि उतारा दोन्ही घटतात, हे आम्हीच तुम्हाला सांगत आलो. पण जुलाब लागलेले मूल तोडलेल्या उसाहून कमी थांबते. ज्याची तोड लांबली त्याने चिटबॉयला तसे कळवावे. आजारपणामुळे पाळी मागे-पुढे झाल्यास शेतकी विभाग ती सांभाळून घेईल.

टोळी उतरेल त्याच दिवशी मुकादमाकडून यादी घ्यावी: किती माणसे, पाच वर्षांखालची मुले किती, गरोदर बाया किती व कितवा महिना, कोणाला क्षयाचे किंवा इतर औषध चालू आहे. ही यादी आशाताई व उपकेंद्राला द्यावी, म्हणजे मुलांचे राहिलेले डोस इथेच पुरे होतील. तळावर झाकणाची व तोटीची टाकी, पाण्यापासून दूर संडास, आणि हात धुण्याला साबण एवढे तरी पाहिजेच. रोग्याची घाण ओढ्याला न जाता खड्ड्यात, वर ब्लीचिंग पावडर टाकून मातीआड व्हावी. टोळीचा आजार पालातच राहत नाही. आपल्या पोरांचा आणि त्यांचा ओढा एकच असतो.

६. पूर आणि उंदीरताप

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कोल्हापूर-सांगली भागात महापूर आला. पूर ओसरला की आपण आधी उसाच्या पोंग्यातला गाळ पाहतो. त्याआधी पाणी पाहावे. पुरात बुडालेली विहीर उपसून, औषध टाकून, चाचणी केल्याशिवाय प्यायला घेऊ नये. चिखलात उघड्या पायांनी, त्यातून पायाला चीर असताना, उतरू नये.

उसाचा आणि उंदीरतापाचा संबंध जुना आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या ऊस भागात तोडणीवाल्यांना हा ताप येऊ लागला, तेव्हा ऊस जाळून मगच तोडू द्या, म्हणजे उंदीर पळतील, या मागणीसाठी १९३५ साली त्यांनी संप केला होता. आपल्याकडे पाचट जाळण्याची गरज नाही. गमबूट, झाकलेली जखम, उंदरांचा बंदोबस्त, आणि पावसाळ्यात जोराचा ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे दिसताच दवाखाना. डॉक्टरला "मी चिखलात काम केलंय" हे आवर्जून सांगावे.

७. गावाची तयारी

कामे आधी नावानिशी वाटावीत. "सगळ्यांनी मिळून करू" म्हटले की कोणीच करीत नाही.

पाणी पाहणारा एक, गाडी देणारे दोन (एकाची बिघडली तर दुसऱ्याची), खबर देणारा एक, एकट्या म्हाताऱ्या माणसांची विचारपूस करणारी बचत गटाची एक बाई. गावात आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छतेची समिती असतेच. सोसायटीचे सचिव आणि आमचे गटप्रमुख यांनी तिच्याबरोबर बसावे, नवी समिती काढू नये.

खबर कधी द्यायची? एकाच पाण्यावरच्या दोन घरांत एकाच दिवशी जुलाब-उलट्या लागल्या, किंवा एका वस्तीत तीन-चार जणांना सारखाच ताप आला, की लगेच आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला सांगावे. चाचणीची वाट पाहू नये. खबर खोटी ठरली तर एक फेरी वाया जाईल, एवढेच.

आणि शेवटचे, माणुसकीचे. ज्याच्या घरी रोग निघाला त्याला वाळीत टाकू नये. त्याच्या दुधाचे रतीब, जनावरांचा चारा, उसाचे पाणी हे शेजाऱ्याने सांभाळावे. लोक रोग लपवितात ते रोगाच्या भीतीने नव्हे, शेजाऱ्याच्या भीतीने. ही भीती गेली की खबर वेळेवर येते, आणि साथीत वेळेवर आलेली खबर हेच अर्धे औषध.

अभ्यासासाठी प्रश्न

पुढील गटसभेत या प्रश्नांची उत्तरे सभासदांनी द्यावीत. भगिनींनी अवश्य यावे, कारण घरातली पिशवी त्यांच्याच ध्यानात राहते.

(१) आपल्या विहिरीचा व्यास व पाण्याची खोली किती? तिला पावडर किती लागेल?
(२) एक लिटर पाण्याला साखर किती, मीठ किती? घरातल्या दहा वर्षांच्या मुलाला विचारा.
(३) आपल्या फडात येणाऱ्या टोळीत पाच वर्षांखालची मुले किती होती? मागच्या हंगामाचे आठवत नसेल तर या हंगामात मोजा.
(४) रात्री दोन वाजता रोगी न्यायचा झाला तर गाडी कोणाची आणि फोन कोणाला?

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे चिटबॉयकडे लेखी द्यावीत. मोळी पडण्याआधी ती आरोग्य केंद्राकडे पोचविण्याची व्यवस्था शेतकी विभाग करील.

आपला,
ऊस विकास अधिकारी